खाडीत कयाक न्यायची आहे? आधी अंगावरचं बघा, होडीचं नंतर

कयाकिंगचं वेड लागलेला माणूस पहिली चूक पाण्यात करत नाही, दुकानात करतो. तो आधी होडी बघतो. रंग कुठला, लांबी किती, मासेमारीचा गळ अडकवायला जागा आहे का, गाडीच्या टपावर मावेल का. होडीत पैसे घालून जे उरतात त्यात वल्हं येतं, आणि त्यातूनही काही उरलं तर लाइफ जॅकेट. मीही हेच केलं होतं. आता कोणी विचारलं की मी यादी उलटी करून देतो: आधी अंगावर चढतं ते, मग हातात येतं ते, आणि सगळ्यात शेवटी ज्यावर बसायचं ते.

कारण सरळ आहे. होडी उलटू शकते आणि वल्हं हातातून सुटू शकतं. त्या क्षणी तुमच्यासोबत राहतं ते फक्त अंगावर बांधलेलं. शिवाय होडी भाड्याने मिळते आणि भाड्याची होडी बहुतेक वेळा ठीकठाक असते. भाड्याचं जॅकेट ठीक असेलच याची मात्र काहीच खात्री नाही.

ही यादी शांत पाण्यासाठी आहे. 'शांत पाणी' म्हणजे कुठलं, हे आधी ठरवून घेऊ. हा लेख कोकण आणि गोव्यातल्या खाड्यांसाठी आहे: तारकर्ली-देवबागच्या पाठीमागची कर्ली, आचऱ्याची खाडी, गोव्यातली साळ नदी, आणि ऑक्टोबर ते एप्रिलमधल्या सकाळी पाळोळ्यासारखा आडोशाचा उपसागर. लाटा फुटतात तिथला किनारा यात येत नाही, आणि पावसाळा तर नाहीच. एक गोष्ट जाता जाता: चिपळूणजवळची वाशिष्ठी आणि गोव्यातला कुंभारजुव्याचा कालवा ही मगरींची घरं आहेत. तिथे माहितगार माणूस बरोबर असल्याशिवाय उतरू नका, आणि 'उलटून बघू कसं वाटतं' हा प्रयोग तर तिथे अजिबात नको.

पहिली खरेदी: जॅकेट

माझ्या पहिल्याच फेरीत मला मिळालेल्या जॅकेटचं मधलं बक्कल तुटलेलं होतं. देणाऱ्याने तिथे सुतळी बांधली आणि म्हणाला, "काय होत नाय." मी खाडीच्या मधोमध एका बगळ्याकडे बघायला वळलो आणि तोल गेला. पाणी जेमतेम छातीएवढं होतं. पण जॅकेट वर सरकून थेट कानांपर्यंत आलं आणि मला आकाश दिसलं ते जॅकेटच्या बाहीच्या भोकातून. जॅकेट तरंगत होतं, मी त्याच्या खाली लोंबत होतो. तळाला पाय टेकले म्हणून हसण्यावारी गेलं.

तेव्हापासून मी जॅकेट स्वतःचं वापरतो. घेताना काय बघायचं ते जरा सविस्तर सांगतो, कारण या सगळ्या यादीत खरा विचार करण्यासारखी वस्तू ही एकच आहे.

जॅकेटच्या आतल्या लेबलवर 'न्यूटन'मध्ये एक आकडा असतो. ५० न्यूटन म्हणजे पाण्यात साधारण ५ किलो वजन उचलून धरण्याची ताकद. ऐकायला कमी वाटतं. पण माणसाचं शरीर पाण्यात जवळजवळ तरंगतच असतं. बाहेर धरायचं असतं ते डोकं, आणि त्याला तेवढं पुरतं. वल्हवणारे लोक सहसा हे ५० न्यूटनचं, आखूड, हात मोकळे ठेवणारं जॅकेट वापरतात. त्याची अट एकच, घालणाऱ्याला पोहता आलं पाहिजे, कारण बेशुद्ध माणसाला ते उताणं करत नाही. १०० न्यूटनचं, मानेमागे कॉलर असलेलं जॅकेट माणसाचं तोंड पाण्याबाहेर राहील अशा बेताने बनवलेलं असतं. वल्हवायला ते अवघड जातं, हनुवटीला घासतं, घाम काढतं. तरीही ज्यांना पोहता येत नाही त्यांनी आणि मुलांनी हेच घालावं. मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच. तो नसेल तर मूल जॅकेटमधून खाली निसटतं. गॅसच्या नळकांडीने फुगणारे पट्टे दिसायला सुटसुटीत असतात, पण नवख्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

कयाकच्या बैठकीला पाठ टेकायची गादी असते. जॅकेटच्या पाठीमागचा फोम कमरेपर्यंत जाड असेल तर तो त्या गादीवर आदळतो आणि सगळं जॅकेट वर ढकललं जातं. म्हणून पाठीचा फोम वरच्या भागातच असलेलं किंवा खाली पातळ होत जाणारं जॅकेट निवडा. दुकानात नुसतं उभं राहून घालून बघू नका, खुर्चीत बसून बघा. वजनाचा पल्ला लेबलवर दिलेला असतो. तुमचं वजन त्यात बसायला हवं. 'मोठा साइज बरा, सगळ्यांना होईल' हा घरगुती हिशेब इथे चालत नाही. बायकांनी दोन्ही कुशींना पट्टे असलेलं जॅकेट घेतलं तर ते नीट आवळता येतं.

सगळे पट्टे खालून वर या क्रमाने आवळा. मग बरोबरच्या माणसाला मागून दोन्ही खांदे धरून जॅकेट जोरात वर ओढायला सांगा. ते तुमच्या कानाला लागलं तर पट्टे सैल आहेत किंवा जॅकेट मोठं आहे. भाड्याच्या जॅकेटची परीक्षाही हीच. त्यात आणखी एक भर: फोम बोटाने दाबा. दाबलेला खड्डा तसाच राहिला तर तो फोम मेलेला आहे. बक्कल तुटलेलं, शिवण उसवलेली, उन्हाने कापड पिठासारखं झालेलं, यातलं काहीही दिसलं तर दुसरं मागा. दुसरं नसेल तर त्या दिवशी काठावर बसून चहा प्या.

जॅकेटवर एकदा बसलात तर त्याचं आयुष्य कमी केलंत असं समजा. नावेतले लोक त्याची उशी करतात, बसायला घेतात. फोम चेपतो आणि परत उठत नाही.

जॅकेटला शिट्टी बांधा. आत गोळी नसलेली, प्लॅस्टिकची चपटी. गोळीची शिट्टी खाऱ्या पाण्याने भरली की अडकते. ती होडीला किंवा पिशवीला नको, खांद्याजवळच, हनुवटी वळवली की तोंडात येईल इतक्या अंतरावर हवी. तीन लांब फुंका म्हणजे 'मदत हवी'. हे बरोबरच्या सगळ्यांना उतरण्याआधी सांगून ठेवायचं.

कपडे, पाय आणि ऊन

जीन्स नको, सुती टीशर्टही नको. सुती कापड ओलं झालं की जड होतं, मांड्या आणि काखा सोलून काढतं. लांब बाह्यांचा, अंगालगत बसणारा, झटकन वाळणारा सिंथेटिक शर्ट घ्या. खेळाच्या दुकानात मिळतो तो चालतो, समुद्रासाठी म्हणून विकला जाणारा महाग प्रकार घ्यायची गरज नाही. खाली तसलीच पायांना लागून बसणारी पँट किंवा गुडघ्यापर्यंतची चड्डी. रंग भडक असू द्या. गोव्यात आणि मालवणकडे पर्यटकांच्या यांत्रिक बोटी खाडीतून ये-जा करतात, आणि पाण्याच्या पातळीवर बसलेला निळा-करडा माणूस बोट हाकणाऱ्याला दिसत नाही. केशरी, पिवळा, पोपटी रंग लांबून दिसतो.

उघड्या कयाकवर बसणाऱ्याला ऊन कुठे लागतं माहीत आहे? नडग्यांवर आणि पावलांच्या वर. चेहऱ्याला सगळे क्रीम लावतात, पाय दोन तास आभाळाकडे तोंड करून पडलेले असतात याचा विचार कोणी करत नाही. रात्री चप्पल घालता येत नाही तेव्हा कळतं. ५० एसपीएफचं पाण्यात टिकणारं क्रीम उतरण्याच्या अर्धा तास आधी लावा, आणि कपाळावर जपून. घामाबरोबर ते डोळ्यांत उतरलं की वल्हं टाकून डोळे चोळत बसावं लागतं. टोपीला हनुवटीखाली दोरी हवी. गॉगलला मानेमागून जाणारी दोरी हवी. कर्लीच्या तळाशी माझा एक गॉगल आहे, कोणाला सापडला तर त्यालाच लखलाभ.

पायांबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. खाडीचे दगड, जेट्टीचे खांब, बुडालेल्या फांद्या, सगळीकडे कालवं, म्हणजे शिंपल्यातले जीव, चिकटलेली असतात. त्यांची कड ब्लेडसारखी असते. कापलं तेव्हा दुखतही नाही, पाण्यात लाल दिसायला लागतं तेव्हा समजतं. त्या जखमा चिखलाच्या पाण्यात चिघळतात. तिवरांच्या बनात चिखलातून वर आलेल्या मुळांच्या खुंट्या असतात, त्याही अनवाणी पायाला भारी पडतात. हवाई चप्पल चिखल एका पावलात ओढून घेतो आणि परत देत नाही. म्हणून मागे पट्टा असलेली, तळ जाड आणि बोटं झाकणारी सँडल किंवा पाण्याचे बूट घ्या. जुने कॅनव्हासचे बूटही चालतात. कोकणातली कालवं काढणारी माणसं तेच वापरतात, आणि त्यांच्यापेक्षा जास्त आपल्याला कळतं असं समजायचं कारण नाही. उथळ वाळूत चालताना पाय उचलून टाकू नका, तळाला घासत पुढे न्या. वाळूत दडलेली वागळी (चपटा मासा) त्या हालचालीने निघून जाते. पाय थेट तिच्यावर पडला तर शेपटीचा काटा बसतो.

वल्हं

वल्ह्याची लांबी उंचीवर जशी अवलंबून असते तशी होडीच्या रुंदीवरही. वर बसायच्या, म्हणजे उघड्या, कयाक रुंद असतात, साधारण ७० ते ८० सेंटिमीटर. त्यांना २२० ते २४० सेंटिमीटरचं वल्हं लागतं. मध्यम उंचीच्या माणसाला २३० सहसा जमतं. फार आखूड असेल तर प्रत्येक वेळी बाजूला वाकावं लागतं आणि बोटांची सालं होडीच्या कडेवर जातात.

अॅल्युमिनियमचा दांडा आणि प्लॅस्टिकची पाती हे सगळ्यात स्वस्त वल्हं. वजन किलोभर किंवा थोडं जास्त. तासाभरात ते तुम्ही हजारावर वेळा उचलता, त्यामुळे दोनशे ग्रॅमचा फरकही खांद्याला कळतो. परवडत असेल तर फायबरग्लासचा दांडा घ्या. कार्बनचं पहिल्या वर्षी नको, पहिल्या वर्षी वल्ह्याने दगड ढकलले जातात.

धरायचं कसं? दांडा डोक्यावर ठेवा आणि दोन्ही कोपरांत काटकोन होईल एवढ्या अंतरावर हात ठेवा. पात्याची खोलगट बाजू तुमच्याकडे. पातं दोन्ही कडांनी सारखं नसेल तर लांब कड वर, आखूड खाली. पात्यावर छापलेलं नाव उलटं दिसत असेल तर सहसा वल्हंच उलटं आहे. भाड्याच्या कयाकवर मी दर दुसऱ्या माणसाला उलटं वल्हं मारताना बघतो आणि गप्प बसायचा प्रयत्न करतो. मूठ घट्ट आवळू नका. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात पहिल्याच दिवशी फोड येतो तो त्यामुळेच. वल्हवायचं खांद्याने नाही, कंबरेतून वळून. जात्यावर बसलेल्या बाईचं धड कसं फिरतं ते आठवा.

वल्हं होडीला बांधायची एक गुंडाळीची दोरी मिळते. ती घ्या. फक्त होडीला बांधा, मनगटाला कधीही नाही. होडी उलटल्यावर हाताला दोरी आणि दोरीला वल्हं, असा गुंता कोणालाच नको.

पाणी, पिशवी आणि फोन

माणशी दीड-दोन लिटर पिण्याचं पाणी, दोन तासांसाठीसुद्धा. चोहोबाजूंनी पाणी असताना तहान लागल्याचं उशिरा लक्षात येतं. मी एका बाटलीत मीठ-साखर घातलेलं कोकम सरबत नेतो. खाण्याला खजूर, शेंगदाणे, केळं. वेष्टनाचं काही नेऊ नका, ते वाऱ्याने उडतं आणि तिवरांत जाऊन बसतं.

कोरडी ठेवायची पिशवी १० लिटरची पुरते. तिचं तोंड निदान तीन वेळा घट्ट गुंडाळून मग बक्कल लावायचं. आत थोडी हवा राहू द्या, म्हणजे पडली तर तरंगेल. घरी बादलीत बुडवून एकदा तपासा, आत कागद ठेवून. त्यात काय? सुका शर्ट, पट्ट्या, जखम धुवायचं औषध, ओआरएसची दोन पाकिटं, आणि गाडीची किल्ली. हल्लीच्या किल्लीत इलेक्ट्रॉनिक्स असतं. ती वेगळ्या छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मगच मोठ्या पिशवीत. पिशवी होडीला अडकवून ठेवायची.

फोन मात्र त्या पिशवीत नको. तो गळ्यात किंवा जॅकेटच्या खिशात, पाणी न जाणाऱ्या पारदर्शक पाकिटात. 'माझा फोन वॉटरप्रूफ आहे' असं म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की ते प्रमाणपत्र गोड्या पाण्याच्या चाचणीचं असतं. आणि ओल्या बोटांना पडदा ऐकत नाही, हे काठावरच करून बघा. तीन नंबर साठवून ठेवा: आणीबाणीचा ११२, तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३. खाडीच्या आतल्या वळणांवर अनेक ठिकाणी रेंज जाते, म्हणून शिट्टी आधी सांगितली.

निघण्यापूर्वी आणखी एक काम करा. काठावरच्या कोणाला तरी, राहायच्या जागेच्या मालकाला, चहावाल्याला, सांगा: "आम्ही दोघं अमुक बाजूला चाललोय, साडेनऊला परत येतोय. दहापर्यंत दिसलो नाही तर फोन करा." याला एक पैसा लागत नाही.

घड्याळ आणि तिथी

ही वस्तू दुकानात मिळत नाही, पण मी तिला साहित्यातच धरतो. मालवणकडच्या एका म्हाताऱ्या होडीवाल्याने मला पहिल्यांदा सावध केलं होतं. मी दुपारी दीडला कयाक पाण्यात ढकलत होतो. तो जाळं विणता विणता म्हणाला, "सुकती लागली की पाणी दर्याक जाता. तू खंय जातलंस?"

सुकती म्हणजे ओहोटी. आपल्या किनाऱ्यावर दिवसात दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून दुसरीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं. म्हणून भरतीची वेळ रोज पाऊण तासाने, थोडं जास्तच, पुढे सरकते. यावरूनच जुन्या माणसांनी तिथीचा हिशेब बसवला आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला हिशेबाने सव्वाअकरा, प्रत्यक्षात बाराच्या सुमारास. हा मुंबईच्या आसपासचा अंदाज आहे; तळकोकणात आणि गोव्यात भरती त्याच्या थोडी आधी होते, आणि खाडीत जितकं आत जावं तितकी उशिरा पोचते. नेमक्या वेळेसाठी भरतीचा तक्ता बघायचाच. पण तिथी माहीत असली की तक्ता चुकीच्या बंदराचा उघडला आहे हे तरी कळतं.

पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाण. पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं आणि त्यामुळे जास्त वेगाने पळतं. अष्टमीनंतर एक-दोन दिवस भांग, म्हणजे पाणी सुस्त. भरती आणि ओहोटीच्या मधले दोन तास पाण्याला सगळ्यात जास्त ओढ असते. नवखा माणूस ताशी तीन-चार किलोमीटरने वल्हवतो. खाडीच्या मुखाशी ओहोटीचं पाणी त्याला सहज मागे टाकतं. देवबागच्या टोकाला कर्ली समुद्राला मिळते तिथलं दृश्य फार सुंदर आहे. ते ओहोटी चालू असताना कयाकवरून बघायला जाऊ नका.

मला विचाराल तर तळकोकणात पहिल्या फेरीसाठी दशमी ते त्रयोदशीची सकाळ निवडा. भांग नुकताच सरलेला असतो, भरती सकाळी साधारण सात ते नऊच्या दरम्यान पूर्ण होते, खाडी काठोकाठ भरलेली असते. चिखल पाण्याखाली, कालवं पाण्याखाली, आणि भरती थांबते त्या वेळी पाणी अर्धा-पाऊण तास जवळजवळ उभं असतं. ओहोटी पूर्ण झाल्यावर परत आलात तर होडी आणि काठ यांच्यामध्ये गुडघाभर चिखलाचा पट्टा असतो. तो पार करताना होडी ओढायची, बूट सांभाळायचे आणि लोकांकडे बघून हसायचं, तिन्ही एकदम जमत नाही.

वाऱ्याचंही बघा. पहाटेपासून सकाळपर्यंत जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहते. ती काठाजवळ पाणी आरशासारखं ठेवते, आणि उपसागरात बसलेल्या माणसाला गुपचूप बाहेर नेते. दुपारी खारे वारे उलट दिशेने, जास्त जोराने येतात आणि पाण्यावर बारीक लाटा उठवतात. खाडीत सकाळचा वारा फारसा त्रास देत नाही. उपसागरात मात्र किनाऱ्याला समांतर जा, सरळ बाहेर नाही. अकरापर्यंत काठावर असा. कुठेही गेलात तरी आधी प्रवाहाच्या आणि वाऱ्याच्या विरुद्ध निघा, म्हणजे दमल्यावर येताना पाणी तुमच्या बाजूने असेल.

आता होडी

शांत पाण्यात शिकायला वर बसायची, प्लॅस्टिकची, उघडी कयाक. पॉलिइथिलीनची असते, दगडावर घासली तरी ओरखडा येतो, फुटत नाही. एकट्यासाठी तीन मीटरच्या आसपास लांब, वजन २० ते २५ किलो. आत पाय घालून बसायची कयाक वेगवान असते, पण उलटली तर पाण्याने भरते आणि ती रिकामी करायचं तंत्र वेगळं शिकावं लागतं. तिला कमरेभोवतीचं पाणी अडवायचं कापडही लागतं. ते सगळं नंतर.

उघड्या कयाकच्या तळाला आरपार भोकं असतात. त्यातून पाणी वर येतं आणि उतरतं. पहिल्यांदा बसणारा "होडी गळतेय" म्हणून ओरडतो. बुडाखाली ओलं होणं ठरलेलंच. पण बसल्यावर पाणी घोट्यापर्यंत राहत असेल तर वजन जास्त झालं आहे. होडीवर लिहिलेली क्षमता ही कमाल मर्यादा असते. तिच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास राहिलात तर ती नीट चालते.

भाड्याची होडी घेताना मागच्या टोकाचं बूच बघा. लावलेलं आहे ना, घट्ट आहे ना. होडी एका टोकाने उचलून हलवा. आत खळखळ ऐकू आली तर पोकळीत पाणी आहे. ते पाणी एकदा एका बाजूला गेलं की होडी तिकडेच कलते. मूठ तुटलेली नाही, पाठीची गादी दोन्ही बाजूंनी अडकलेली आहे, एवढं बघून निघा.

आणि विकत? निदान दहा फेऱ्या भाड्याने झाल्यावर. पुण्या-मुंबईच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांना हवेची कयाक सोयीची वाटते आणि ती वाईट नसते. फक्त ती वाऱ्याने पानासारखी उडते, कालवांना घाबरते, आणि दुपारच्या उन्हात वाळूवर ठेवली तर आतली हवा तापून शिवणीवर ताण येतो. काठावर आणली की थोडी हवा सोडायची, पाण्यात नेताना परत भरायची.

पहिल्या दिवशी काय करायचं

कंबरभर पाण्यात जा. जॅकेट आवळलेलं, किल्ली-फोन काठावर. मग मुद्दाम पडा. होडी उलटली असेल तर पलीकडची कड खालून धरून आपल्याकडे ओढा, ती सरळ होते. आता होडीच्या मधोमध, बैठकीच्या बाजूला या. दोन्ही हात होडीवर आडवे टाका, पाय मागे पाण्यात आडवे करून जोरात मारा आणि पोटावर होडीवर चढा. आधी पोट होडीवर आडवं, मग वळून बसणं, मग पाय आत. उभं राहून वर लटकायचा प्रयत्न केला तर पाय होडीच्या खाली जातात आणि ती परत अंगावर येते. तीनदा जमेपर्यंत करा. चौथ्यांदा दमलेले असताना करा, कारण खरी वेळ येते तेव्हा माणूस दमलेलाच असतो. नाहीच जमलं तर तुमची हद्द पाय टेकतील तिथपर्यंत, आणि बरोबर वाटाड्या हवा.

खाडीच्या मधोमध पडलात तर आधी होडी धरा, मग वल्हं. वारा होडीला तुमच्या पोहण्यापेक्षा वेगाने नेतो. होडी सुटली तर तिच्यामागे पोहत जाऊ नका. शिट्टी वाजवा आणि जॅकेटवर उताणे पडून राहा.

खाडीत डब्यांच्या किंवा थर्माकोलच्या ओळी तरंगताना दिसतील. ती लावलेली जाळी आहेत. वरून जाऊ नका, वळसा घाला. एक जाळं फाटलं तर कोणाचा तरी त्या दिवसाचा बाजार बुडतो, आणि तुमचं वल्हं अडकलं तर तुम्ही.

परत आल्यावर

सगळं गोड्या पाण्याने धुवायचं: जॅकेट, बूट, पिशवीचं बक्कल, होडीचं बूच. जॅकेट सावलीत, जाड हँगरवर वाळवा. उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत ते विसरलात तर पुढच्या महिन्यात फोम दाबून बघा, कळेल.

वल्हं त्याच दिवशी दोन तुकड्यांत वेगळं करा, जोडाच्या आतून-बाहेरून पाणी ओता, आणि वेगळंच ठेवा. अॅल्युमिनियमच्या जोडात मीठ बसलं की ते दोन्ही तुकडे आठवड्याभरात एकमेकांना असे धरतात की सुटत नाहीत. माझं पहिलं वल्हं आजही अखंड २३० सेंटिमीटरचं आहे. ते गाडीत मावत नाही, त्याने आम्ही परसातले आंबे उतरवतो.